आर्नीचे चार गोल

नावन, २५ ऑक्टोबर २०२०

ताई,

दसऱ्याचा नमस्कार. फोन न करता ईमेल करतोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस, मग मी ओरडतो, मग तू ओरडतेस, आणि शेवटी स्वरूपा माझ्या हातातून फोन काढून घेते. लिहिलेलं तरी शेवटपर्यंत वाचशील.

इथे या आठवड्यापासून पुन्हा सगळं बंद झालंय. घरापासून पाच किलोमीटर, त्यापुढे जायचं नाही. स्वरूपा हॉस्पिटलमधून येते ती थेट आंघोळीला आणि तिथून झोपायला. पण माझं डोकं फिरलंय ते यामुळे नाही. चैत्रालीच्या कोचमुळे.

तुझी भाची बर्फावरची हॉकी खेळते हे तुला माहीत आहे. पण या देशात बर्फाचं धड एक मैदान नाही हे बहुतेक मी सांगितलं नव्हतं. आमचा क्लब एका शाळेच्या हॉलमध्ये चाकांच्या स्केट्सवर सराव करतो आणि महिन्यातून दोनदा पोरांना गाड्यांत कोंबून सीमेपलीकडे बेलफास्टला नेतो, तेव्हा कुठे खरा बर्फ दिसतो. मार्चपासून तेही बंद.

कोचचं नाव आर्नी हॅल्वर्सन. अमेरिकन, मिनेसोटाचा. पन्नाशीचा, दारातून वाकून यावं लागतं एवढा उंच, नाक दोनदा मोडलेलं. बायको ग्रॉन्या इथलीच, नावनची. तिच्या आईचं करायला म्हणून चार वर्षांपूर्वी ते इथे आले. दिवसा तो सुपरमार्केटची डिलिव्हरी व्हॅन चालवतो, संध्याकाळी पोरांना फुकट शिकवतो. इथल्या पालकांना विचारलं तर म्हणतात, "युअर मॅन आर्नी? ही'ज ग्रँड." इथे सगळंच ग्रँड असतं. पाऊसही ग्रँड, कोचही ग्रँड.

तर ऐक. चैत्राली पुढे खेळायची. गेल्या वर्षी क्लबमध्ये सगळ्यांत जास्त गोल तिचे होते. सगळ्या टीममध्ये एकटी भारतीय मुलगी, आणि मॅच संपली की लोक माझ्याजवळ येऊन हात मिळवायचे. या उन्हाळ्यात याने तिला उचललं आणि मागे टाकलं. डिफेन्सला! आणि तेव्हापासून काय शिकवतोय? उलटं जायला. पोरगी महिनोन्महिने कार पार्कमध्ये पाठ पुढे करून फिरतेय. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "पुढे काय होणार ते तिला आधी दिसतं." मग दिसतं तर जाऊन गोल मारू दे ना!

मी क्लबचा सेक्रेटरी आहे, ताई. गप्प बसणार नाही.

सलील

खडकी, २ नोव्हेंबर २०२०

चि. सलील,

शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं, कारण टॅबवर अक्षरं मोठी केली की ओळी पळतात.

आता मला एक सांग. एवढ्या लांबलचक पत्रात तुझं म्हणणं आहे, त्या आर्नीचं आहे, हात मिळवणाऱ्या पालकांचं आहे. पोरीचं कुठे आहे? तिला मागे खेळायला आवडतं की नाही, हे विचारलंस का तिला? का तिथेही सेक्रेटरीची परवानगी लागते?

आणि हा माणूस स्वतः कुठे खेळलाय, कोणत्या जागेवर खेळलाय, ते लिही. नुसतं 'अमेरिकन' म्हणू नकोस. अमेरिकेतला वाणीसुद्धा अमेरिकनच असतो.

माझं म्हणशील तर शाळा बंद, मैदान बंद. निवृत्तीला थोडे दिवस उरलेत ते ऑनलाइन पी.टी. शिकवण्यात चाललेत. पोरी कॅमेरा बंद करून सांगतात, "मॅडम, उड्या मारतोय." मारा बाई. मी पण इकडे चहा पिते. मैदानाशिवाय कोच म्हणजे काय असतं ते मी सध्या रोज भोगतेय, म्हणून तुझ्या त्या व्हॅनवाल्याची मला आत्ताच दया यायला लागलीय. चिडू नकोस.

सुहासिनीताई

नावन, २० डिसेंबर २०२०

ताई,

तू म्हणालीस माहिती काढ, काढली. आणि बरं झालं काढली.

आर्नी डिफेन्समन होता. त्याने अमेरिकेतल्या खालच्या लीग्जमध्ये नऊ सीझन काढले. एनएचएल, म्हणजे त्यांची सर्वांत वरची लीग, तिच्या सराव शिबिरात एकदा बोलावलं होतं, पण मॅच एकही मिळाली नाही. दर दोन वर्षांनी नवी टीम, नवं गाव. नंतर गुडघा गेला आणि हा कोच झाला: दोन-तीन छोट्या गावांत असिस्टंट, मग डेन्मार्कमध्ये एक क्लब, तो क्लबच बंद पडला. आणि नऊ सीझनमध्ये गोल किती? चार. चार, ताई! इंटरनेटवर सगळं आहे. तेवढ्या काळात फाउलची शिक्षा म्हणून बाहेर बसवल्याची मिनिटं मात्र ढीगभर.

तुला माहीत आहे, आमच्या प्लांटमध्ये हृदयात घालायच्या वस्तू बनतात. एक नग बिघडला तरी आम्ही मुळाशी जातो, कारण शोधतो, कागदावर मांडतो, सुधारणा सुचवतो. मी तेच केलं. क्लबच्या कामगिरीचा सहा पानी रिपोर्ट केला, तक्ते, आलेख सगळं. निष्कर्ष असा की ज्याला गोल करणं जमलं नाही तो गोल करणाऱ्यांना मागे खेचतोय. वैयक्तिक काही नाही, डेटा बोलतोय.

कमिटीच्या झूम मीटिंगमध्ये वाचून दाखवला. चेअरमन हरीश कामत, आपल्या दादरचा, खाली मान घालून बसला होता. आयरिश मंडळींना असं तोंडावर बोललेलं सोसत नाही, ती नुसती "अह, नाऊ" करत होती. आर्नी व्हॅनमधूनच जॉइन झाला होता, मागे दुधाचे क्रेट दिसत होते. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "पाच. एक प्लेऑफमध्ये होता, तो ते मोजत नाहीत." आणि डिलिव्हरी आहे म्हणून गेला.

मी रिपोर्टमध्ये दुरुस्ती केली. पण चार काय आणि पाच काय! कमिटीने काहीही ठरवलं नाही. विषय पुढे ढकलला. या देशात विषय पुढे ढकलायचं मेडल असतं तर आमच्या क्लबला मिळालं असतं.

चैत्रालीला विचारलं. म्हणाली, "I like it back there, Dad, leave it." पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळतं?

सलील

खडकी, २४ डिसेंबर २०२०

सलील,

आशीर्वाद वगैरे आज नाहीत.

मी किती गोल मारले, सांग. विद्यापीठाकडून हॉकी खेळले, महाराष्ट्राकडून तीन वर्षं खेळले, आपल्या बाबांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले ते तुला आठवत असेल, पेढे तूच जास्त खाल्लेस. सांग ना, किती गोल? इंटरनेटवर नाही मिळणार. आमच्या वेळी बायकांच्या मॅचचे निकालसुद्धा पेपरात धड यायचे नाहीत.

एकही नाही. शून्य. मी फुलबॅक होते रे मूर्खा! गोल मारणं माझं काम नव्हतंच. समोरच्या पोरींनी मारू नये हे माझं काम होतं. तू एकाही मॅचला आला नाहीस, म्हणून तुला वाटत राहिलं की ताई धडाधड गोल मारत असेल. पाचवीतल्या पोराला मी दोष देत नाही. पण चव्वेचाळीस वर्षांच्या इंजिनिअरला देते.

जो गोल झालाच नाही तो तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिलास? नऊ वर्षं त्याला वेगवेगळ्या गावांनी घेतलं ते काय त्याचं मोडकं नाक बघून घेतलं? गोल न मारणाऱ्याला नऊ वर्षं कोण पगार देतं, हा साधा प्रश्न तुझ्या सहा पानांत नाही. क्रिकेट बघून बघून तुमचं डोकं नासलंय. रन किती, विकेट किती, झालं, निघाले निकाल द्यायला.

आणि माणूस दुधाचे क्रेट पोचवता पोचवता ते ऐकत होता. मला लाज वाटली तुझी.

ताई

नावन, १४ मार्च २०२१

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण मी चिडलो होतो. अजून आहे थोडा. तुझा खेळ गवतावरचा, हा बर्फावरचा. तुझ्या शून्याचा मला आदर आहे, पण त्यावरून आर्नीचं मोजमाप होत नाही.

आता नवीन भानगड. ग्रॉन्याची आई फेब्रुवारीत गेली. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी, बाकी आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे होतो. त्यानंतर एकदा आर्नी आणि मी नदीकाठी चालायला गेलो, पाच किलोमीटरच्या आत दुसरं करणार काय! तो पहिल्यांदाच एवढं बोलला. त्याचे वडील थंडीत घरामागच्या अंगणात पाइपने पाणी सोडून बर्फ जमवायचे, तिथे तो शिकला. बसने रात्र-रात्र प्रवास करून खेळला. म्हणाला, एनएचएलच्या शिबिरातून घरी पाठवलं त्या दिवशी तो वडिलांना फोन करू शकला नाही, दोन दिवस मोटेलमध्येच राहिला. आणि कोच म्हणून जिथे गेला तिथे एक तर टीम बंद पडली नाही तर मालक बदलला.

आता विस्कॉन्सिनमधल्या एका गावच्या ज्युनियर टीमला डिफेन्सचा कोच हवाय. पगारी, घर देणार. बोलणी जवळजवळ पक्की आहेत, फक्त सध्याच्या क्लबचं लेखी मत हवंय. त्याने ते माझ्याकडेच मागितलं, कारण मी सेक्रेटरी. मी म्हटलं, आर्नी, माझं मत तुला माहीत आहे. तर म्हणाला, "खरं असेल ते लिही." पन्नासाव्या वर्षी पुन्हा कुणी विचारणार नाही, हे त्याने म्हटलं नाही, पण ते मलाही कळतं.

मी काय करू? चार ओळींचं गुळगुळीत पत्र देऊ, की रिपोर्ट जोडू? आमच्या कामात माहिती लपवली तर माणसं मरतात, ताई. माझी सवय तशी आहे. मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहे. तू शिव्या दे, पण उत्तर दे.

सलील

नावन, ७ एप्रिल २०२१

ताई,

तुझं उत्तर नाही. दोन मेसेज केले, तेही तू वाचलेले नाहीस. रुसलीस, कळलं मला. मीही तुझाच भाऊ आहे.

मुदत काल संपली. मी पत्र पाठवलं. तो वक्तशीर आहे, मुलं त्याला मानतात, एका दिवसाचाही पैसा घेतला नाही, हे सगळं मनापासून लिहिलं. आणि पारदर्शकता म्हणून रिपोर्टही जोडला. त्यांनी ठरवावं.

सलील

खडकी, १२ जून २०२१

सलील,

मी रुसले नव्हते. मी ऑक्सिजनवर होते.

मार्चच्या मध्यालाच ताप आला. मग बेड मिळेना, मग मिळाला. शेजारच्या मेधाने सगळं केलं. तुला कळवू नको असं मीच तिला बजावलं होतं, कारण विमानं नाहीत, तू तिथे बसून नुसता जीव काढला असतास. आता घरी आहे. जिना चढले की मधल्या कठड्यावर बसावं लागतं. यावर रडारड नको, फोन तर मुळीच नको. मला दम लागतो आणि तू ओरडतोस.

काल तुझी दोन्ही पत्रं वाचली. अरे देवा! तुला त्या माणसाला घालवायचंच होतं ना? मग तरी चांगलं लिहायचंस! सोन्यासारखा कोच आहे म्हणून लिहिलं असतंस तर तो आपणहून विस्कॉन्सिनला गेला असता, तुझी पोरगी पुढे आली असती, सगळे सुखी. एवढंही सुचलं नाही? म्हणजे मनातून तुला त्याचं वाईटही करायचं नव्हतं. तुला फक्त बरोबर ठरायचं होतं. हेच मला जास्त लागलं.

आता माझ्यात फार लिहायचं बळ नाही, म्हणून सांगते तेवढं कर. पोरगी खेळत असेल तिथे जा आणि बघ. चेंडूकडे बघू नकोस. तुमची ती चकती का काय, तिच्याकडेही नाही. समोरून जी पोरगी येतेय तिला कुठे जायचं होतं ते बघ, आणि ती शेवटी कुठे गेली ते बघ. मधून यायचं असेल आणि कडेला गेली असेल, तर ते कुणी केलं ते बघ. चांगली फुलबॅक हात लावत नाही, आदळत नाही. मागे मागे सरकत जाते आणि समोरचीला वाटत राहतं की आपणच कडेने जायचं ठरवलं. हे करायला उलटं जाता यावं लागतं. आता समजलं कार पार्कमध्ये काय चाललं होतं?

आधी बघ. आणि मग त्या अमेरिकनांना लिही, मी चुकलो म्हणून. त्याच दिवशी लिही.

ताई

नावन, ४ जुलै २०२१

ताई,

तू सांगितलंस म्हणून रडारड करत नाही. पण तुझं पत्र वाचलं तेव्हा मी प्लांटच्या पार्किंगमध्ये होतो आणि पुढचा तास तिथेच होतो. स्वरूपाने मेधाताईंशी बोलून सगळे रिपोर्ट मागवले. ती म्हणते, फुप्फुसं भरून येतील. तिचं ऐक.

मग मी गेलो बघायला. मुलांचा सराव बाहेर सुरू झालाय, कम्युनिटी सेंटरच्या मागे, चाकांवर. एकमेकांना स्पर्श करायचा नाही असा सरकारी नियम. सगळे पालक कुरकुरत होते की यात कसली हॉकी. मी तू म्हणालीस तसं बघितलं. पहिली दहा मिनिटं काही कळलं नाही. मग कळायला लागलं. एक दांडगा मुलगा, चैत्रालीपेक्षा वीतभर उंच, तीन वेळा मधून सुटला आणि तिन्ही वेळा कुंपणापाशी जाऊन अडकला. ती त्याच्यापासून एका काठीच्या अंतरावर, मागे मागे, तोंड त्याच्याकडे. हात लावला नाही. तिसऱ्यांदा तो स्वतःवरच चिडून काठी आपटून गेला. आणि ताई, कुणीही टाळी वाजवली नाही. टाळी वाजवण्यासारखं काही झालंच नव्हतं ना! इतकं सुंदर खेळत होती माझी पोरगी आणि मी वर्षभर तक्रार करत होतो. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्याच दिवशी विस्कॉन्सिनला लिहिलं. रिपोर्ट चुकीचा आहे, मोजायची पद्धतच चुकीची होती, मी तो मागे घेतो, वगैरे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, फार सभ्य. जागा मे महिन्यातच भरली. शुभेच्छा.

आर्नीला मी जाऊन सांगितलं. घराबाहेर व्हॅन धूत होता. मला वाटलं, त्याला माहीत नसेल. त्याला माहीत होतं. त्यांनी एप्रिलमध्येच त्याला फोन करून रिपोर्ट वाचून दाखवला होता. म्हणजे ताई, मे महिनाभर आणि जूनभर तो माझ्या पोरीला शिकवत होता, भेटला की "हाऊया, सलील" म्हणून खुशाली विचारत होता, आणि त्याला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, अरे मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, "मी खरं लिही म्हटलं होतं. तुला ते खरं वाटत होतं."

मी माफी मागितली. त्याने पाइप बंद केला, हात पुसले. म्हणाला, चैत्रालीला मी शिकवेन. माझ्या हाताखाली आलेल्यांत तिच्यासारखं कुणी नाही. पण तू तिथे यायचं नाहीस. सरावाला नाही, मॅचला नाही. तिला फाटकाशी सोड आणि घेऊन जा. तू काठाशी उभा असलास की मला शिकवता येत नाही. का ते तिला मी सांगणार नाही. तू सांग किंवा नको सांगू.

आवाजसुद्धा चढवला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी चैत्रालीला अजून सांगितलेलं नाही. सेक्रेटरीपद मात्र सोडलं. आता हरीश सगळं बघतो.

सलील

खडकी, ११ जुलै २०२१

चि. सलील,

बरोबर केलं त्याने. मी असते तर काठीच घेतली असती.

पोरीला सांग. उद्या सांग, आज सांग. तिला बाहेरून कळलं तर दुप्पट लागेल. 'योग्य वेळ' शोधत बसू नकोस, तुझी योग्य वेळ मला लहानपणापासून माहीत आहे. प्रगतिपुस्तक दाखवायची योग्य वेळ तुला कधी सापडली होती?

मी आता एका दमात जिना चढते. गेल्या आठवड्यात मैदानापर्यंत गेले. गवत कापलेलं नाही अजून. मला इतका संताप आला की घरी येऊन कॉर्पोरेशनला फोन केला आणि पाच मिनिटं न थांबता बोलले. म्हणजे फुप्फुसं ठीक आहेत, स्वरूपाला कळव.

ताई

नावन, ७ नोव्हेंबर २०२१

ताई,

काल भाऊबीज होती आणि मी फोन केला नाही. का ते लिहितो.

काल बेलफास्टला मॅच होती. दीड वर्षाने पहिल्यांदा खरा बर्फ. स्वरूपाची ड्यूटी होती, म्हणून चैत्रालीला घेऊन मीच गेलो. आर्नी दारात उभा होता, त्याने तिची पाठ थोपटली, मला मान हलवून नमस्कार केला. मी पार्किंगमध्ये परत आलो. सगळे पालक आत. भिंतीतून आवाज येत होते, भोंगा, ओरडा, मध्येच काहीतरी दणकन आदळल्याचा. गोल कुणी मारला ते कळत नव्हतं, आणि गंमत बघ, मला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. मला समोरून येणारी पोरगी बघायची होती. कुठे जायला निघाली आणि कुठे पोचली, ते. आता कुठे बघता यायला लागलंय तर मी पार्किंगमध्ये!

बाहेर आली ती लालबुंद होऊन. हरल्या होत्या, दोन-एक. मी गाडी सुरू करताना विचारलं, "तुझ्या अंगावर कुठून येत होत्या? मधून की कडेने?" तिने फोन खाली ठेवला. असं मी तिला कधी विचारलेलंच नव्हतं. "Outside, Dad. I kept them outside the whole time." आणि मग सुटलीच. कोण कुठून आली, कुणाला कसं फिरवलं, आर्नी मध्येच काय म्हणाला. दोन गोल झाले ते दोन्ही ती बाकावर होती तेव्हा. सीमेजवळचं न्यूरी येईपर्यंत ती बोलत होती. एवढी माझ्याशी ती लहान असतानाही बोलली नसेल. मला वाटलं, हा रस्ता संपू नये.

आणि मग म्हणाली, "तू आत का येत नाहीस कधी? You should've seen it."

तू जुलैत सांगितलं होतंस. मी ऑगस्ट काढला, सप्टेंबर काढला, दिवाळी काढली. काल मात्र मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. रिपोर्ट, चार गोल, विस्कॉन्सिन, आर्नीला एप्रिलपासून माहीत होतं तेही. तिने एकच विचारलं, "पूर्ण उन्हाळाभर मला शिकवत होता तेव्हा त्याला माहीत होतं?" मी हो म्हटलं. मग डंडॉक गेलं, आर्डी गेलं, ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी दोनदा 'चैतू' म्हटलं.

घरी पोचलो. डिकीतली तिची किटबॅग ओली झालेली असते, जड असते, नेहमी मीच उचलतो. मी हात घातला तर तिने माझा हात बाजूला केला, बॅग खांद्यावर घेतली आणि एका अंगाला वाकत दारापर्यंत गेली. मी मागून किल्ली घेऊन गेलो, दार उघडलं. ती पायरीवरच थांबली.

म्हटलं, आत चल, थंडी आहे.

"I'll wait for Mam," म्हणाली, आणि बॅगेवर बसली.

स्वरूपा यायला अजून तास होता. मी दार उघडं ठेवलं आणि पॅसेजमध्ये उभा राहिलो. पूर्ण तास ती पाठ करून बाहेर बसली होती.

सलील